बोलण्यापलीकडचा मोबाइल

मोबाइल कशासाठी असतो? कोणालाही विचारा. म्हातारा माणूस सांगेल, बोलण्यासाठी. तरुण मुलगा सांगेल, पाहण्यासाठी. दोघांचेही खरे आहे. पण घरात पाटा-वरवंटा आहे म्हणून त्यावर फक्त चटणीच वाटावी, असे कोठे आहे? त्यावर पुरण वाटतात, औषध वाटतात, आणि वेळ पडली तर वरवंट्याने भिंतीत खिळाही ठोकतात. मोबाइलचेही तसेच आहे. दुकानदार फोन विकताना जी कामे सांगत नाही, अशी काही कामे आज आपण पाहू.

आमच्या मोहन्यात एन. आर. सी. ही रेयॉनची मोठी कंपनी होती. २००९ साली ती बंद पडली. तेथे काम केलेले पुष्कळ लोक अजून गावात आहेत. त्यांना ठाऊक आहे, की कारखान्यात प्रत्येक कामाला वेगळे यंत्र असते. उष्णता मोजायला एक, वजन करायला एक, दाब पाहायला एक. फोनचे मात्र उलटे आहे. तळहाताएवढ्या एका डबीत दहा-बारा उपकरणे दाटीवाटीने बसवली आहेत.

कोणती उपकरणे? फोनला डोळा आहे, तो कॅमेरा. कान आहे, तो माइक. तोंड आहे, दिवा आहे. पुष्कळ फोनांत होकायंत्र आहे. आपण उभे आहोत की आडवे, हे फोनला कळते. फोन आडवा केला की चित्रही आडवे होते ना? ते त्यामुळेच. आणि आकाशात फिरणाऱ्या उपग्रहांचे इशारे ऐकून 'मी पृथ्वीवर नेमका कोठे आहे' हे ठरवणारे एक यंत्रही त्यात आहे.

मग ॲप म्हणजे काय? ॲप म्हणजे फोनला शिकवलेले एक काम. नवा गडी शेतावर आला, तर त्याला हात, पाय, डोळे असतातच. पण नांगर कसा धरायचा हे शिकवावे लागते. ॲप घातले की फोनला ते काम येते. पुसून टाकले की तो ते विसरतो. हातपाय तेच, काम नवे. एवढे ध्यानात आले, की पुढचे सारे सोपे आहे.

फोनचा डोळा

प्रथम डोळ्याचे पाहू, कारण त्याला ॲपही लागत नाही.

टीव्हीचा रिमोट चालत नाही. सेल गेला की रिमोटच बिघडला, हे कसे ओळखावे? आमच्या शेजारच्या काकूंनी याच कारणासाठी दोनदा नवे सेल आणले होते. त्यांना म्हटले, "काकू, फोनचा कॅमेरा चालू करा. रिमोटचं तोंड त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा."

"फोटो काढून काय होणार, गुरुजी?"

"फोटो काढायचा नाही. नुसतं पडद्यावर पाहायचं."

रिमोटच्या पुढच्या टोकाला एक बारीक दिवा असतो. तो अवरक्त प्रकाश देतो. हा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही. कॅमेऱ्याला मात्र तो दिसतो. बटण दाबल्यावर पडद्यावर जांभळट किंवा पांढरा ठिपका लुकलुकला, तर रिमोट ठीक आहे आणि दोष टीव्हीत आहे. ठिपका दिसला नाही, तर सेल बदलून पुन्हा पाहा. तरीही नाही, तर रिमोट गेला. काही फोनांच्या मागच्या कॅमेऱ्यावर हा प्रकाश अडवणारी काच असते. तेव्हा पुढच्या कॅमेऱ्याने पाहावे.

वायरमन आणि मिस्त्री लोक डोळ्याचा आणखी एक उपयोग करतात. पंप, मिक्सर किंवा शिलाईचे मशीन उघडण्यापूर्वी ते एक फोटो घेतात. लाल वायर कोठे होती, काळी कोठे होती, दोरा कोणत्या आकड्यातून आला होता, हे मग लक्षात ठेवावे लागत नाही. कपाटामागे काही पडले, तर हात जातो पण डोके जात नाही. फोनचा दिवा लावून, हात आत घालून फोटो घ्या. काय आणि कोठे पडले ते बाहेर बसून पाहा.

ही झाली सोयीची कामे. आता गरजेची ऐका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला अचानक दवाखान्यात न्यावे लागते. डॉक्टर विचारतात, "यांना कोणत्या गोळ्या चालू आहेत?" आपण सांगतो, "एक पांढरी आणि एक गुलाबी." यावरून डॉक्टरांनी काय समजावे? पांढऱ्या गोळ्या हजार आहेत. म्हणून गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो आजच काढून ठेवा. नाव आणि त्यापुढचा आकडा, दोन्ही दिसले पाहिजेत. पाकिटावरची मुदत इतकी बारीक छापतात की चष्म्यानेही वाचता येत नाही. फोटो काढून दोन बोटांनी मोठा केला की ती वाचता येते.

भाड्याची खोली घेताना पहिल्याच दिवशी भिंती, नळ, दारे आणि विजेच्या मीटरचा आकडा यांचे फोटो घ्यावेत. ते घरमालकालाही पाठवावेत. खोली सोडताना डिपॉझिटवरून वाद झाला, तर हे फोटो कामाला येतात. रोजंदारीवर काम करणाऱ्यांनी हजेरीच्या कार्डाचा फोटो दर आठवड्याला घ्यावा. कार्ड मुकादमाकडे असते, पण फोटो आपल्याकडे राहतो. कंपनी बंद पडल्यावर जुने कागद शोधताना काय यातना होतात, हे आमच्या गावाला वेगळे सांगायला नको.

वाचायला नुकतेच शिकलेल्यांसाठी एक खास गोष्ट आहे. 'गूगल लेन्स' नावाची एक सोय २०१७ पासून निघाली आहे. पाटीवर, कागदावर किंवा औषधाच्या डबीवर कॅमेरा धरला, की ती अक्षरे ओळखते आणि वाचूनही दाखवते. इंग्रजी असेल तर मराठीत अर्थ सांगते. पण माझे एक ऐका. आधी स्वतः वाचा. बोट ठेवून, अक्षर जुळवून वाचा. मग फोनला वाचू द्या आणि ताडून पाहा. फोनही चुकतो, विशेषतः हाताने लिहिलेल्या जोडाक्षरांना. त्याची चूक तुम्ही पकडली, की त्या दिवशी तुम्ही पास.

गवंड्याची पाणसळ

फोनला आडवे-उभे कळते, हे वर सांगितले. याच गुणावर पाणसळीचे ॲप चालते. फोन फळीवर ठेवला, की पडद्यावर बुडबुडा दिसतो. तो मध्ये आला की फळी सपाट. काही फोनांत ही सोय होकायंत्राच्या ॲपमध्ये आधीच असते.

आमच्या ओळखीचे एक गवंडी यावर विश्वास ठेवत नसत. ते म्हणत, "ओळंबा खोटं बोलत नाही, फोन बोलंल." त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. फोनच्या पाठीवर कॅमेऱ्याचा उंचवटा असतो. फोन पाठीवर ठेवला तर तो कलतो आणि माप चुकते. म्हणून फोन कडेवर उभा ठेवावा. शिवाय गवंडी आपली लेव्हल बाटली जशी उलटसुलट करून तपासतात, तसाच फोनही तपासावा. एकदा ठेवून पाहा, मग त्याच जागी टोके फिरवून पाहा. दोन्ही वेळा एकच उत्तर आले तर फोन खरा. फडताळ किंवा देव्हाऱ्याची फळी बसवायला तो चालतो. स्लॅबला मात्र गवंड्याची पाणसळच हवी.

होकायंत्राचा उपयोगही गमतीचा आहे. होकायंत्राला लोखंड जवळ आले की कळते. भिंतीत सळई कोठे आहे, हे लोहचुंबक मोजणारे ॲप आकडा वाढवून दाखवते. तेवढी जागा सोडून भोक पाडावे. पण जमिनीतले सोने शोधून देणारे ॲप कोणी दाखवले, तर हसून परत पाठवा. सोने आणि तांबे होकायंत्राला कळतच नाहीत.

रात्री पंपाला जायचे कोणी?

आता महाराष्ट्रातील एका माणसाची गोष्ट सांगतो. ती फोनच्या साऱ्या उपयोगांत मला सर्वांत मोलाची वाटते.

शेतीच्या पंपाला वीज पाळीने मिळते. दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, असे महावितरणचे वेळापत्रक चालत आले आहे. रात्रीची पाळी आली, की शेतकरी अंधारात विहिरीवर जातो. वाटेत साप-विंचू असतो. जुन्नरच्या बाजूला उसात बिबट्या असतो. विहिरीपाशी पोहोचावे तर वीज आलेलीच नसते. मग बसून राहायचे, नाहीतर परत यायचे. चालू केलेला पंप बंद करायला पुन्हा तीच पायपीट. याला कंटाळून पुष्कळ जण पंप तसाच चालू ठेवून झोपतात. पाणी भरून वाहते, माती धुपते, वीज फुकट जाते.

पुण्याचे इंजिनियर संतोष ओस्तवाल यांनी लहानपणापासून हे हाल पाहिले होते. त्यांचे वृद्ध आजोबा पंपासाठी रोज पायपीट करत. पुढे मोबाइल फोन खेड्यात पोहोचले, तेव्हा ओस्तवालांच्या मनात आले, की फोनने आवाज दूर जातो, तर हुकूम का जाऊ नये? त्यांनी पंपाच्या स्टार्टरला जोडायची एक पेटी तयार केली. पेटीला मोबाइलची जोड दिली. शेतकऱ्याने घरून त्या नंबरला फोन लावायचा. पलीकडे माणूस नसतो, पेटी असते. ती फोन घेते. वीज आहे की नाही हे तिच्या आवाजावरून कळते. वीज असेल तर एक आकडा दाबायचा, पंप चालू. दुसरा आकडा दाबायचा, पंप बंद. अंथरुणातून उठावे लागत नाही. या यंत्राला त्यांनी 'नॅनो गणेश' असे नाव दिले. २००९ साली नोकिया कंपनीने नव्या कल्पनांसाठी जागतिक स्पर्धा ठेवली होती. तिच्यात या यंत्राला पारितोषिक मिळाले.

यातली खुबी ध्यानात घ्या. यासाठी महागडा फोन लागत नव्हता. इंटरनेट लागत नव्हते. बटणांचा साधा फोन पुरत होता. नवे काय होते? फोन माणसाला न लावता पंपाला लावला, एवढेच. पण तेच सुचणे अवघड होते.

तसे पाहिले तर आपल्या लोकांनीही असाच एक शोध लावला आहे. त्याचे नाव मिस्ड कॉल. एक रिंग म्हणजे "पोहोचलो", दोन रिंगा म्हणजे "खाली ये". पैसे पडत नसत आणि निरोप पोहोचत असे. फोन बनवणाऱ्यांनी ही सोय केली नव्हती. ती आपण केली.

वीज कडाडते तेव्हा

आपल्या देशात दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे अंगावर वीज पडून मरतात. त्यांत शेतात काम करणारी आणि गुरे राखणारी माणसे फार. पाऊस आला म्हणून ती झाडाखाली जातात आणि झाडावरच वीज पडते.

पुण्याला पाषाण येथे भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था आहे. नाव लांब आहे, पण काम चांगले आहे. या संस्थेने 'दामिनी' नावाचे ॲप काढले आहे. ते फुकट मिळते. वीज चमकते तेव्हा प्रकाश आणि आवाज यांच्याबरोबर रेडिओच्या लहरीही निघतात. रेडिओ चालू असताना वीज चमकली की खर्र असा आवाज येतो, तो याचाच. देशात ठिकठिकाणी या लहरी पकडणारी यंत्रे बसवली आहेत. एकाच विजेची लहर कोणत्या यंत्राला आधी आणि कोणत्याला नंतर पोहोचली, यावरून वीज कोठे पडली हे काढता येते. तुमच्यापासून वीस ते चाळीस किलोमीटरांच्या आत विजा पडत असतील, तर दामिनी इशारा देते. म्हणजे गुरे घेऊन घरी परतायला थोडा वेळ हाती लागतो. मुरबाड-शहापूरकडे भातशेती करणारे आपले पाहुणे असतील, तर त्यांच्या फोनात हे ॲप आपणच घालून द्यावे.

ॲप नसेल तरी फोनातले घड्याळ आहेच. वीज चमकली की सेकंद मोजायला सुरुवात करा. गडगडाट ऐकू आला की थांबा. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. म्हणून जितके सेकंद झाले त्यांना तीनने भागा. नऊ सेकंद झाले तर वीज तीन किलोमीटरांवर. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला, तर पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. भागाकार शाळेत कशाला शिकवतात, असे मुले विचारत. त्यांना हे उदाहरण द्यायला हरकत नाही.

"फोन खिशात असला की वीज अंगावर पडते" असे काही लोक सांगतात. ते खरे नाही. फोन विजेला ओढत नाही. मात्र चार्जरला लावलेला फोन त्या वेळी हाती धरू नये, कारण वीज तारेतून घरात येऊ शकते.

काळ्या-पांढऱ्या चौकोनांची गोष्ट

भाजीवालीच्या टोपलीपाशी एक चौकोन टांगलेला असतो. त्याला क्यूआर कोड म्हणतात. १९९४ साली जपानमध्ये डेन्सो वेव्ह या कंपनीने तो काढला, तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. त्याच्या तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन असतात. त्यांच्यावरून फोनला कळते की चित्राची वरची बाजू कोणती. मधल्या ठिपक्यांत मजकूर साठवलेला असतो. थोडा भाग फाटला किंवा मळला तरी तो वाचता येतो. भाजीच्या ओल्या टोपलीपाशीही तो टिकतो, याचे कारण हेच.

मोटारींच्या भागांसाठी काढलेल्या या चौकोनाला एका मराठी शिक्षकाने पाठ्यपुस्तकात आणून बसवले. सोलापूर जिल्ह्यात परितेवाडी नावाचे लहान गाव आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेत रणजितसिंह डिसले हे शिक्षक २००९ साली गेले. शाळेची जागा गुरांचा गोठा आणि अडगळीची खोली यांच्या मध्ये सापडलेली. मुलांच्या घरची भाषा कानडी, पुस्तक मराठी. डिसले गुरुजींनी मुलांना समजेल अशा भाषेत धडे तयार केले आणि पुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड चिकटवले. घरच्या माणसाचा फोन त्यावर धरला, की कविता ऐकू येई, गोष्ट दिसे, गणित समजावून सांगितले जाई. पुस्तक कागदाचेच राहिले, पण ते बोलू लागले. पुढे राज्यातील सर्व पाठ्यपुस्तकांत असे कोड छापायचे सरकारने ठरवले. आज बालभारतीच्या पुस्तकांत ते दिसतात. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले गुरुजींना जगातील उत्तम शिक्षकाचे दहा लाख डॉलरचे पारितोषिक मिळाले. त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. आयुष्यभर खडू धरलेल्या माणसाला ही बातमी वाचून काय वाटले असेल, ते वाचकांनी समजून घ्यावे.

घरात शाळकरी नातू किंवा नात असेल, तर त्याच्या पुस्तकातला तो चौकोन आज उघडून पाहा. धडा दोघांनी मिळून ऐका. यात कमीपणा काही नाही.

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी

लोकलमध्ये कंगवे, पिना विकणारे अंध बांधव आपण पाहतो. गिऱ्हाइकाने दिलेली नोट किती रुपयांची, हे त्यांना बोटांनी चाचपून ओळखावे लागते. नव्या नोटांचे आकार बदलले, तेव्हा त्यांची फार पंचाईत झाली. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी 'मनी' नावाचे ॲप काढले. नोट कॅमेऱ्यासमोर धरली की फोन तिची किंमत बोलून सांगतो. ऐकू न येणाऱ्यांसाठी तो थरथरूनही सांगतो. एकदा फोनात घातले की याला इंटरनेट लागत नाही. नोट खरी की खोटी, हे मात्र ते सांगत नाही. ओळखीत कोणाला दिसत नसेल, तर त्यांना हे नक्की सांगा.

मी कोठे आहे?

आंबिवली स्टेशनवर उतरून मोहन्याकडे आलात, तर चाळींमागे चाळी लागतात. कित्येकांना नंबर नाहीत. रात्री घरात कोणाला छातीत दुखू लागले आणि १०८ ला फोन केला, तर गाडीवाल्याला काय सांगणार? "पिंपळाच्या मागची तिसरी गल्ली"? आपल्याला तो पिंपळ रोजचा, त्याला नवा. अशा वेळी गाडीवाल्याच्या नंबरवर व्हॉट्सॲपवरून 'लोकेशन' पाठवावे. नकाशावर एक खूण उमटते आणि ती पाहत तो दारात येतो. हे काम घरातील प्रत्येकाला आले पाहिजे. निरोगी असताना एकदा शेजाऱ्याला पाठवून सराव करा. छातीत दुखत असताना शिकता येत नाही.

जागा ओळखण्याच्या याच गुणावर शेतकऱ्यांची 'ई-पीक पाहणी' चालते. पूर्वी कोणाच्या शेतात कोणते पीक आहे, याची नोंद तलाठी करत. ते आलेच नाहीत, किंवा चावडीवर बसून लिहून गेले, तर शेतात कापूस आणि कागदावर पडीक असेही होई. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि ॲपमध्ये भरायचा, अशी पद्धत आली. फोटो शेतातच काढला, हे फोन आपोआप नोंदवतो. ही नोंद सातबाऱ्यावर चढते. गारपिटीने पीक गेले आणि नोंदच नसेल, तर मदत मागायला अडचण येते. ज्यांची गावाकडे जमीन आहे आणि जे नोकरीसाठी इकडे राहतात, त्यांनी पाहणीची मुदत चुकवू नये.

फोनला जे येत नाही

इतके कौतुक केल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे.

कॅमेऱ्यावर बोट ठेवले, की फोन नाडीचे ठोके मोजतो. हे खरे आहे. दिव्याच्या उजेडात बोट लाल दिसते. हृदयाचा प्रत्येक ठोका पडला की बोटातले रक्त किंचित वाढते आणि लाली बदलते. ती कॅमेऱ्याला दिसते. पण नुसत्या फोनवर बोट ठेवून रक्तदाब सांगणारी ॲप निघाली आहेत, त्यांच्यावर विसंबू नका. परदेशात असे एक ॲप लाखाहून अधिक लोकांनी विकत घेतले होते. २०१६ साली डॉक्टरांनी ते तपासले. ज्यांचा रक्तदाब वाढलेला होता, अशा दहांपैकी सातांहून अधिक जणांना ते ॲप 'सारे ठीक' असे सांगत होते. रक्तदाब वाढलेला माणूस 'ठीक आहे' म्हणून गोळी सोडतो, आणि एके दिवशी अर्धांगाचा झटका येतो. रक्तदाब दंडाला पट्टा बांधूनच मोजावा. सरकारी आरोग्य केंद्रात तो फुकट मोजतात.

दुसरे पैशांचे. क्यूआर कोड पैसे देण्यासाठी स्कॅन करतात, पैसे घेण्यासाठी नव्हे. पैसे घ्यायला पिनही लागत नाही. "तुम्हाला पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका" असे कोणी म्हणाला, तर तो चोर आहे. "तुम्हाला फोनवरच अटक केली आहे, खोलीतून बाहेर पडू नका" असे सांगणारा पोलीस नव्हे. फोनवर अटक करण्याचा कायदा या देशात नाही. पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नये. लगेच १९३० या नंबरवर कळवावे. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

फोन हरवण्यापूर्वी एक काम करा. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असे दाबा. पडद्यावर पंधरा आकडी नंबर येईल. तो फोनचा जन्माचा नंबर. तो वहीत लिहा. फोन चोरीला गेला, तर पोलिसांत तक्रार देऊन 'संचार साथी' या सरकारी सोयीतून तो बंद पाडता येतो. त्यासाठी हा नंबर लागतो. आणि तो फोनातच साठवून ठेवला, तर फोनाबरोबर तोही जातो, हे सांगायला नको.

पाण्याच्या दिवसांत

आपले गाव उल्हास नदीच्या काठी आहे. २७ जुलै २०१९ रोजी याच नदीचे पाणी वांगणीजवळ रुळांवर चढले. महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात उभी राहिली आणि हजाराहून अधिक प्रवासी कित्येक तास अडकले. मग जवान होड्या घेऊन गेले आणि सर्वांना सुखरूप बाहेर काढले. अशा वेळी फोनची बॅटरी डब्यातल्या शेवटच्या भाकरीसारखी जपायची असते.

म्हणून जोराच्या पावसाची बातमी आली, की फोन आधीच पूर्ण भरून ठेवावा. वीज गेली तर पडद्याचा उजेड कमी करावा आणि चित्रे पाहणे बंद करावे. बोलण्यापेक्षा दोन ओळींचा निरोप लिहून पाठवावा. जेव्हा बोलणे होत नाही, तेव्हाही निरोप पुष्कळदा जातो. लिहायला शिकल्याचा उपयोग तेथे होतो. खोलीभर उजेड हवा असेल, तर फोनचा दिवा वर करून त्यावर पाण्याने भरलेली पारदर्शक बाटली उभी करा. एका रेषेत जाणारा उजेड चारी बाजूंना पसरतो. बाटलीचे बूच घट्ट लावलेले असावे. फोन जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड दोऱ्याने बांधा. पिशवीतूनही बोलता येते.

आणि चार नंबर कागदावर असू द्या. आपल्या माणसांचे दोन, शेजाऱ्याचा एक आणि ११२ हा मदतीचा एक. फोन बंद पडला आणि दुसऱ्याचा मागून घेतला, तर नंबर पाठ कोणाला असतात? कागद भिजेल अशी भीती असेल, तर खडूने दाराच्या चौकटीवर लिहा. नदीकाठच्या घरांनी तो पुराच्या रेषेच्या वर लिहावा.